पांढऱ्या रंगाची इजाजत

भर सभेत उभं राहून मी एका भल्या माणसाला, तुमच्या घरात सदैव कोणीतरी मरत राहो, अशी शुभेच्छा दिली. ती पद्यात दिली, चालीवर दिली, आणि टाळ्या पडल्या नाहीत म्हणून दुसऱ्यांदाही दिली.

यात माझा फारसा दोष नव्हता असं मी आजवर सांगत आलोय. पण ऐकणारे हसायला लागले की माझाच त्यावरचा विश्वास उडतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी तेवीस वर्षांचा होतो. यांतल्या पहिल्या गोष्टीचा लोकांना त्रास होई असं म्हणतात. माझ्या ओळखीच्यांना दुसरीचा जास्त झाला. परतूर तालुक्यातल्या आष्टीहून मी जालन्याला येऊन चारच महिने झाले होते. दिवसा मराठीचा खाजगी वर्ग चालवायचा आणि संध्याकाळी वाचनालय बघायचं. वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळाची ओवरी आणि एक कपाट. आरती सुरू झाली की वाचकांनी बोट पानात घालून उठायचं. दर्शन घेऊन आलेला माणूस तसाच पुस्तकाला हात लावी, त्यामुळे आमच्या झाडून सगळ्या पुस्तकांच्या कडा शेंदरी झाल्या होत्या. वैराग्यावरचं पुस्तकसुद्धा नवरदेवासारखं दिसे.

अशात कापसाच्या अडतीचे एक मारवाडी शेठजी आम्हाला त्यांच्या गोदामाची रस्त्याकडची खोली द्यायला तयार झाले. दोन खिडक्या, कोरडी जमीन, देव कुठलाच नाही. त्यांच्या मुनीमजींनी किल्लीही माझ्या हातात दिली. ती मी करदोट्याला बांधून हिंडू लागलो. चालताना ती वाजायची. वाजावी अशाच बेतानं मी चालायचो.

शेठजींचे आभार मानायला सभा घ्यायचं ठरलं. सभेला सरकारची इजाजत लागे, आणि तीत राजकारण असून चालत नसे. म्हणून मी आपला निरुपद्रवी विषय घेतला: काव्यातले रंग आणि त्यांचे अर्थ. रसांना रंग असतात हे मला नुकतंच कळलं होतं. शृंगार सावळा, वीर गोरा, रौद्र तांबडा, करुण पारव्याच्या रंगाचा, हास्य पांढरं. आणि नुकतंच कळलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला जेवण जात नसे.

कचेरीत जायचं म्हणून मी एकाची लाल तुर्की टोपी उसनी घेतली. ती माझ्या कानांवर येऊन थांबली. पेशकार साहेबांनी आधी टोपी पाहिली, मग अर्ज.

“रंग? कौनसे रंग?”

“सगळेच, जनाब.”

त्यांनी कलम उचललं. “हरा?”

“हिरवा म्हणजे...”

“हरा नक्को. मज़हब का मामला है. ज़र्द?”

“पिवळा अद्भुत रसाचा.”

“ज़र्द सरकार का झंडा है. सरकार अद्भुत हैच, तुम्हारे बोलने की ज़रूरत नई. लाल?”

“रौद्र. म्हणजे गुस्सा.”

“नक्को. काला?”

“भय.”

“नीला?”

इथे मी जरा गप्प बसायला हवं होतं. “नीला बीभत्स रसाचा असतो,” मी म्हणालो. पेशकारांनी खाली आपल्या शेरवानीकडे पाहिलं. ती निळी होती. त्यांनी निळा दोनदा खोडला. भगवा त्यांनी विचारायच्या आधीच मी स्वतः खोडून टाकला. तेवढी अक्कल मला होती.

“सफ़ेद पे बोलो मास्तर,” सही करत ते म्हणाले. “सफ़ेद में किसी का कुछ नई जाता.”

तर अशी माझ्याकडे तासाभराची सभा आणि एकच रंग उरला. घरी येऊन मी कवींना कामाला लावलं. कवींच्या दुनियेत कीर्ती पांढरी असते, हसू पांढरं असतं, हंस, चांदणं, मोगरा, सरस्वतीचं वस्त्र, सगळा दुधाचा कारभार. सभेच्या दिवशी हे सगळं पंधरा मिनिटांत संपलं. समोर पहिल्या रांगेत मारवाडी पेठ बसलेली, मागे आमचे वाचक. मग मी गावाकडे वळलो. आमच्याकडे जमिनीचे दोनच रंग. काळी म्हणजे शिवार, ती पिकते. पांढरी म्हणजे गावठाण, तिच्यावर घरं उभी राहतात, चुली पेटतात, लेकरं रांगतात. “म्हणून पांढरा हा नांदत्या घराचा रंग,” मी म्हणालो. मागच्या रांगेतून कोणी तरी ‘बराबर’ म्हणालं. एवढ्यावर मी थांबलो असतो तर आज ही हकीकत सांगायला माझ्याकडे काही नसतं.

पण माझी नजर शेठजींच्या डोक्यावर गेली. चार महिने मी ते डोकं पाहत होतो. सगळ्या पेठेत एकेक पगडी म्हणजे रंगपंचमी: केशरी, लहरियाची, डाळिंबी, मोरपिशी. एकट्या शेठजींची स्वच्छ पांढरी. आमच्या आष्टीकडे पांढरा पटका म्हणजे रोजचा. माझा बाप त्यातच नांगर धरतो आणि त्यातच लग्नाला जातो. त्यामुळे मी मनाशी ठरवून टाकलं होतं की एवढ्या रंगेल बाजारात हा एक विरक्त, साधा, सात्त्विक पुरुष आहे. आणि ही गोष्ट त्यांना कोणी कधी बोलून दाखवली नसेल, तर आपण दाखवावी. मी दोन ओळी रचूनच आणल्या होत्या. हात त्यांच्या डोक्याकडे करून मी म्हटलं:

धवल कीर्ती, धवल मती, धवल पगडी शिरी;
राहो अखंड ही धवलता शेठजींच्या घरी.

सभा एकदम शांत झाली. इतकी शांतता मी कवितेला मिळालेली कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. म्हणून पुन्हा म्हटलं, जरा सावकाश, ‘अखंड’वर जोर देऊन. शेठजी उठले. पानाचं तबक पुढे केलं होतं, त्याला हात न लावता जोडा घालून चालू लागले. त्यांच्यामागं अख्खी पहिली रांग उठली.

“भारावले,” मी शेजारच्याला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तेव्हा मुनीमजी अंगणात येऊन उभे राहिले. म्हातारा माणूस, कानावर कलम.

“मास्तर, किल्ली द्या.”

“कशाला?”

“आधी चूळ भरा. मंग किल्ली द्या. मंग सांगतो.”

मी चूळ भरली. किल्ली सोडायला वेळ लागला, गाठ पक्की मारली होती. ती मुठीत घेऊन मुनीमजी ओट्यावर टेकले.

“आमच्यात घरातलं मोठं माणूस गेलं की पांढरी पगडी. सेठजींच्या माँजी गेल्या, सात महिने झाले. पांढरी उतरायची तर सासरहून रंगीत पगडी यावी लागती. सेठानीबाईंच्या भावानं आणायची. बाईंनापण तोच ओढणी आणतो, तवर त्यांनीपण फिकंच नेसायचं. कळून राह्यलं का?”

“होय.”

“भाऊ आलाच न्हाई. मागं एका लग्नात त्याला बसायला गादी मिळाली न्हाई म्हणून रुसला, तो तिकडं मारवाडात रुसूनच बसला. बाकीचे लोक बाराव्या दिवशी रंगात येतात. सेठजी सात महिने पांढऱ्यात फिरून राह्यले. बाजारात कोणी त्यांच्या डोक्याकडं बघत न्हाई, त्यांना शरम वाटू नये म्हणून. समजा गाडी अंगावर आली तरी लोक त्यांच्या पायाकडं बघून ओरडतील. अन् तुम्ही त्याच्यावर कविता केली.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“दोनदा,” मुनीमजी म्हणाले. “घरात ही पांढरी अखंड राहायची तर दर सालाला एक जण लागंल. पुढचा नंबर कोणाचा तेवढं पण सांगून टाका.”

ते किल्ली घेऊन गेले. त्या दिवशी बाजारातून गेलो तर दुकानादुकानांतून लोक मला बघून तोंड फिरवत आणि त्यांचे खांदे हलत. हास्याचा रंग पांढरा, हे मात्र शास्त्राप्रमाणे तंतोतंत खरं निघालं. पण संध्याकाळी ओवरीत आमचे वाचक गोळा झाले, आणि खोलीत कुठल्या भिंतीला कपाट लावायचं यावर त्यांचा वाद चालू होता. त्यांना किल्ली गेल्याचं अजून कोणी सांगितलं नव्हतं. मलाही सांगवेना. ती खोली गेली असती तर ती माझ्या दोन ओळींनी गेली असती, आणि त्या ओळी काही फार चांगल्याही नव्हत्या.

तेव्हा मी उपाय शोधला. मुनीमजींच्या सगळ्या बोलण्यातून मी एवढंच उचललं की रंगीत पगडी आली की पांढरी उतरते. ती कोणी आणायची, हा भाग मला किरकोळ वाटला.

पगडीची मलमल घेऊन मी दुसऱ्या दिवशी कुंडलिका नदीच्या काठी रंगारी चाचांकडे गेलो. कोपरापर्यंत त्यांचे हात कुठल्या एका रंगाचे नव्हते. पन्नास वर्षांचे सगळे सण त्यांत मुरले होते. मी त्यांना सांगितलं, पिवळा द्या. अद्भुत रसाचा आहे, शेठजी चकित होतील.

“शेठजी चकित हो चुके,” चाचा म्हणाले. म्हणजे बातमी नदीपर्यंत आली होती.

“मग लाल?”

“किताब तुमची मास्तर, पण डोकं त्यांचं. ग़म में से उठे हुए आदमी को भडक रंग नक्को. बीमार को पहिल्याच दिवशी पुरणपोळी घालतेत का? गुलाबी लो.”

“कोणता गुलाबी?”

यावर त्यांनी मला आत नेऊन वाळत घातलेल्या चिंध्या दाखवल्या. मी नऊ रस घेऊन गेलो होतो. त्यांच्याकडे नुसते गुलाबीच नऊ निघाले. एक लग्नातल्या करवलीचा, एक वरातीतल्या म्हाताऱ्यांचा, एक पहिल्या नातवाचा. एक असा होता की तो फक्त दुरून गुलाबी दिसे. हातात घेतला की पांढरट. चाचांनी तोच काढला. “कच्चा गुलाबी. दो धुलाई में उतर जाता. तोपर्यंत माणूस हसायला लागतो, मंग पुढचा रंग घेतो. एकदम चढवायचा न्हाई, आहिस्ता.”

एवढी बारीक समज मला कुठल्याही काव्यशास्त्रात सापडली नव्हती, आणि चाचांना आपण काही समजदार बोललो असं वाटलंही नाही. ते मडक्यात बघत होते.

रंगवलेली पगडी सुकवायची म्हणजे दोघांनी दोन टोकं धरून ती हवेत झुलवत उभं राहायचं. त्यांचा भाऊ बाजारला गेला होता, म्हणून दुसरं टोक माझ्या हातात. वीसेक हात ओलं कापड, वारा, आणि काठावर धुणं धुणाऱ्या बाया. मी उंच धरलं की चाचा ‘नीचे’ म्हणत, खाली धरलं की ‘ऊपर’. एकदा माझं टोक सुटलं आणि शेजारी उभ्या गाढवाच्या अंगावर जाऊन पडलं. मी घाबरून चाचांकडे पाहिलं.

“उसको भी अच्छा दिख रहा था,” ते म्हणाले, आणि कापड झटकून पुन्हा माझ्या हातात दिलं. गाढवाची ही गोष्ट मी शेठजींना कधीच सांगितली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात पगडी, नारळ, कुंकवाचा करंडा असं घेऊन मी शेठजींच्या गद्दीवर गेलो. माझे दोन्ही तळवे मनगटापर्यंत गुलाबी होते. राखेनं घासले, तरी कापडावरचा तो कच्चा रंग हातावर पक्का बसला होता. शेठजी लोडाला टेकून बसले होते. मुनीमजी खाली. मागे घराच्या दाराला पडदा.

मी ताट पुढे ठेवलं. शेठजींनी बराच वेळ ताटाकडे पाहिलं.

“हे काय?”

“पगडी.”

“ते दिसून राह्यलं. कोणत्या नात्यानं आणली?”

हा प्रश्न मी पाठ केलेला नव्हता. “वाचनालयाच्या नात्यानं,” मी म्हणालो.

मुनीमजींनी कपाळाला हात लावला. “मास्तर, तुम्हाला परवा सांगितलं न्हाई का मी? ही आणणारा बाईंचा भाऊ होतो. सेठजींचा मेव्हणा. तुम्ही आष्टीचे कुणबी. मेव्हणा कुठून झाले?”

“चूक झाली,” मी म्हणालो. “मला वाटलं पगडी आली म्हणजे...”

“उचला ताट,” शेठजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. मी वाकलो. गुलाबी हातांनी गुलाबी ताट धरलं. खोली गेली, हे मला तेव्हा खरं कळलं.

तेवढ्यात पडद्यामागं बांगड्या वाजल्या आणि बाईंचा आवाज आला. “मुनीमजी, पूछो मास्टर नै. बहन है कांई?”

“बहीण आहे का, म्हणून विचारून राह्यल्या,” मुनीमजी म्हणाले.

“दोन आहेत.”

“तीन म्हणा,” आतून आलं. या वेळी मराठीत, थेट मला. “ताट ठेवा खाली. रंग सोताच्या हातानं लावला का?”

“नुसता सुकवला.”

शेठजी पडद्याकडे न वळता म्हणाले, “हा आपल्यातला न्हाई.”

“आपल्यातला कुठं आला?” बाई म्हणाल्या. “सात महिने दाराकडं बघून राह्यले मी. टांगा थांबला की मला वाटतं, आला. माझ्या पायी तुमचं डोकं पांढरं राह्यलं, हे मी रोज बघू का? ह्याला निदान लाज तर वाटली. हात बघा त्याचे.”

शेठजींनी माझे हात पाहिले. मी ते पाठीमागं लपवायला गेलो, तर नेसूच्या धोतराला रंग लागला.

शेठजी लोडावरून सरळ झाले. शेवटी शेठजींनी आपल्या हातानं पांढरी पगडी उतरवली. डोकं उघडं पडल्यावर ते एकदम वयानं मोठे दिसले. ती पांढरी घडी त्यांनी मांडीवर ठेवली आणि तिच्यावरचा तळवा काही काढला नाही. पेठेला तिची लाज वाटत होती, मला तिचं कौतुक वाटलं होतं. त्यांना ती आईची वाटत असावी. माझ्या तासाभराच्या व्याख्यानात हे कुठंच आलं नव्हतं.

बाईंनी पडद्यातून हात काढून मला टिळा लावला. रीतीप्रमाणं पहिला फेर भावानं घालायचा. मी घातला. मला पटका तेवढा येतो, तोही बापासारखा. मी मन लावून चार फेर घातले आणि शेमल्याचं टोक पाठीवर सोडलं.

मुनीमजींनी मान तिरकी करून पाहिलं. “हे काय, सेठजी बैल धुवायला निघाले का?”

पडद्याआड कोणी तरी तोंडावर पदर दाबून हसलं. शेठजींचीही मिशी हलल्यासारखी वाटली, पण मी खात्रीनं सांगत नाही. मुनीमजींनी सगळी सोडून पुन्हा नीट बांधली. निघताना मी हळूच किल्लीचं विचारलं.

“बघू,” शेठजी म्हणाले.

पुढं काय झालं, तर आष्टीचा एक कुणबी आपल्या जागी मेव्हणा होऊन बसला ही खबर मारवाडात पोचली, आणि जो माणूस सात महिने रुसून बसला होता तो मिळेल ती गाडी पकडून आला. येताना पाचरंगी पगडी, बहिणीला चुनडी, सगळं बराबर घेऊन. मला म्हणाला, “तुम्ही कोण?” मी म्हणालो, “दुसरा.” यावर आमच्यात फार बोलणं झालं नाही.

त्यानंतर शेठजींनी निरोप धाडला की किल्ली खोलीच्या दारातच, चार लोकांसमक्ष देऊ. वाचनालयाचे सगळे लोक आले. कपाट हातगाड्यावर बाहेर उभं होतं. शेठजी पाचरंगी पगडीत, शेजारी खरा मेव्हणा, एका बाजूला कनातीआड घरच्या बायका. शेठजींनी किल्ली काढून पुढे केली, आणि मी उपकाराची फेड म्हणून खिशातून चार कागद काढले.

किल्ली तिथंच थांबली.

“कागद कसले?” शेठजींनी विचारलं.

“काही नाही. गुलाबी रंगावर थोडं लिहून आणलंय. इजाजत काढलीय.”

शेठजींनी मूठ मिटली. त्यांनी मुनीमजींकडे पाहिलं, मुनीमजींनी कनातीकडे. मागं हातगाडीवाला ‘उतरवू का परत नेऊ’ म्हणून विचारत होता आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हतं. मुनीमजी कनातीपाशी गेले, कान लावून उभे राहिले, मान हलवली, आणि परत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

“बाई म्हणून राह्यल्या, किल्ली देऊन टाका. भाऊ आहे माझा, दोन्ही वक्त जेवायला घालीन. पण त्याला बोलू देऊ नका.”